मराठी राजकीय चित्रपटांतील सत्तेचे नैतिक पेच

मराठी राजकीय चित्रपटांतील सत्तेचे नैतिक पेच हा मराठी चित्रपट, नाटक आणि मालिका यांच्या अभ्यासातील एक विषय आहे. सत्तास्थानी बसलेल्या व्यक्तीपुढे योग्य-अयोग्याचा प्रश्न कोणत्या रूपात उभा राहतो, त्या प्रश्नाचे ओझे कथेतील कोणत्या पात्रावर पडते आणि त्याचा निवाडा कोण करतो, याचा विचार या विषयात होतो. 'सामना' (१९७५) आणि 'सिंहासन' (१९७९) हे डॉ. जब्बार पटेल यांचे दोन चित्रपट या परंपरेचा पाया मानले जातात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसराशी निगडित असलेले 'डोंबिवली फास्ट' (२००५) आणि 'धर्मवीर: मुक्काम पोस्ट ठाणे' (२०२२) हे चित्रपट त्याच परंपरेची पुढील आणि बरीच निराळी वळणे होत.

या चित्रपटांचा एक विशेष सहसा नजरेतून निसटतो. इंग्रजी राजकीय नाट्यांत पेच सत्ताधाऱ्याच्या मनात असतो. मराठीत तो बहुधा सत्ताधाऱ्याशेजारी उभ्या असलेल्या साक्षीदाराच्या मनात असतो. हा साक्षीदार कधी गावात आलेला उपरा मास्तर असतो, कधी वार्ताहर, कधी सामान्य कार्यकर्ता. साक्षीदाराचे स्थान बदलले की चित्रपटाची नैतिक दिशाही बदलते.

== राष्ट्राध्यक्ष आणि मुख्यमंत्री ==

सत्तेचे नैतिक पेच हा विषय जगभर रूढ करण्यात अमेरिकी दूरचित्रवाणीचा मोठा वाटा आहे. ॲरन सॉर्किन यांनी निर्माण केलेली 'द वेस्ट विंग' ही मालिका १९९९ ते २००६ या काळात एनबीसी वाहिनीवर सात पर्वांत प्रसारित झाली. मार्टिन शीन यांनी रंगवलेला जोसाया बार्टलेट हा काल्पनिक राष्ट्राध्यक्ष तिचा नायक आहे. पहिल्या पर्वातील एका भागात एका कैद्याची फाशी रोखावी की नाही, हे ठरवण्यासाठी त्याच्या हाती शनिवार-रविवारचे दोनच दिवस असतात. तो फाशी रोखत नाही. पुढे आपल्या जुन्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून कबुलीजबाब देतो. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस तो एका परदेशी मंत्र्याला गुप्तपणे ठार मारण्याची अनुमती देतो. स्वतःचा गंभीर आजार मतदारांपासून लपवल्याबद्दल त्याला काँग्रेसच्या निषेध-ठरावालाही सामोरे जावे लागते.

हे तिन्ही पेच एका व्यक्तीचे आहेत. अमेरिकी राज्यघटनेने कार्यकारी सत्ता एकाच व्यक्तीच्या हाती दिल्यामुळे ते तसे असू शकतात. भारतात घटनेच्या ५३व्या अनुच्छेदानुसार संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींकडे असली, तरी ७४व्या अनुच्छेदानुसार ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरावयाची असते. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने हा सल्ला बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. ४४व्या घटनादुरुस्तीने तो फेरविचारासाठी एकदा परत पाठवण्याची मुभा दिली. ७२व्या अनुच्छेदाखालील दयेचा अधिकारही याच चौकटीत येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्ये मारू राम खटल्यात म्हटले आहे. त्यामुळे बार्टलेटला रात्रभर छळणारा प्रश्न भारतीय राष्ट्रपतींपुढे आला, तर त्याचे उत्तर गृह मंत्रालयाच्या टिपणीत आधीच लिहिलेले असते. राष्ट्रपतींच्या हाती उरतो तो मुख्यतः विलंब. विलंब हादेखील निर्णयच असतो. पण त्यावर नाटक उभे करणे कठीण.

मुख्यमंत्र्याची स्थिती आणखी वेगळी. त्याची सत्ता विधानसभेतील बहुमतावर उभी असते. महाराष्ट्र विधानसभेत १९७८पासून २८८ जागा आहेत आणि बहुमतासाठी १४५ आमदार लागतात. एखादी गोष्ट न्याय्य आहे का, या प्रश्नाआधी ती केल्यावर १४५ टिकतील का, हा प्रश्न उभा राहतो. मराठी लेखकांनी नैतिक पेच शोधला तो या आकडेमोडीत. म्हणूनच मराठी राजकीय चित्रपटात एकांतातील आत्मपरीक्षणाचे प्रसंग कमी आणि दूरध्वनीचे प्रसंग फार.

== पूर्वपीठिका ==

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात प्रथम सादर झाले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे आणि नाना फडणवीसांची भूमिका मोहन आगाशे यांची होती. नाना आपल्या सोयीसाठी घाशीरामाला कोतवाल करतो आणि सोय संपताच त्याला जमावाच्या स्वाधीन करतो. नाटकाभोवती उठलेला वाद इतिहासाच्या विपर्यासाचा होता. परंतु सत्ताधारी स्वतः हात मळवत नाही, त्यासाठी माणूस नेमतो, हे त्यातील मर्म पुढच्या सर्व राजकीय चित्रपटांत झिरपले. हाच दिग्दर्शक आणि हाच लेखक पुढे चित्रपटाकडे वळले, हा योगायोग नव्हे.

'सामना' हा पटेल यांचा पहिला चित्रपट. निर्मिती रामदास फुटाणे यांची, पटकथा तेंडुलकरांची. १९७५मध्ये तो बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखवला गेला. सहकारी साखर कारखानदारीच्या जोरावर गावाचा स्वामी झालेला हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) आणि गावात येऊन पडलेला, एके काळचा स्वातंत्र्यसैनिक व आता दारूच्या आहारी गेलेला मास्तर (श्रीराम लागू) यांच्यातील हा सामना आहे. हिंदुराव मास्तराला वाड्यावर ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. गावात नाहीशा झालेल्या मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले, एवढी एकच चौकशी मास्तर लावून धरतो. शेवटी हिंदुरावाला कायद्यापुढे जावे लागते.

हिंदुराव हा निव्वळ खलनायक नाही. त्याने माळरानावर पाणी आणले, कारखाना उभारला, पोरांना शाळा दिली. विकासाच्या या हिशेबात एका माणसाचा जीव कोणत्या रकान्यात मांडायचा, हा चित्रपटाचा प्रश्न आहे. तो विचारणारा मास्तर याच हिंदुरावाचे अन्न खात असतो. साक्षीदार स्वतः निर्मळ नसतो, हे सूत्र येथे प्रथम स्पष्टपणे आले.

== सिंहासन ==

=== कथाबीज ===

पत्रकार अरुण साधू (१९४१–२०१७) यांच्या 'मुंबई दिनांक' (१९७३) आणि 'सिंहासन' (१९७७) या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफून तेंडुलकरांनी या चित्रपटाची पटकथा रचली. साधूंनी इंग्रजी वृत्तपत्रांत वार्ताहर म्हणून काम करताना मंत्रालय आणि विधान भवन आतून पाहिले होते. पुढे २००७मध्ये नागपूर येथे भरलेल्या ८०व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तेंडुलकर याच दशकात नेहरू अभ्यासवृत्तीखाली समाजातील हिंसेचा अभ्यास करीत होते. दोघांच्या अनुभवांचा हा संयोग चित्रपटाला लाभला.

मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक) यांना एक निनावी दूरध्वनी येतो: त्यांना पदच्युत करण्याचा कट शिजत आहे. कटाच्या केंद्रस्थानी अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) आहेत. कामगार पुढारी डिकास्टा (सतीश दुभाषी) दोन्ही बाजूंशी बोलणी करतो. आमदार, साखरसम्राट, तस्करांचे हस्तक, संपादक अशा असंख्य पात्रांची ये-जा सुरू राहते. दत्ता भट, मोहन आगाशे, रीमा लागू आणि छोट्या भूमिकेत नाना पाटेकर असा नटसंच एकत्र आला होता. या गर्दीतून वाट काढत फिरतो तो वार्ताहर दिगू टिपणीस (निळू फुले). चार वर्षांपूर्वीचा हिंदुराव येथे फाटक्या झोळीचा वार्ताहर झाला आणि त्या वेळचा मास्तर सत्तेच्या शर्यतीतील अर्थमंत्री झाला. या उलटापालटीची चर्चा जुन्या प्रेक्षकांत आजही होते.

=== मुख्यमंत्र्याचा पेच ===

जिवाजीराव दुष्ट नाहीत. ते शेतकरी कुटुंबातून आलेले, बोलण्यात मृदू, प्रशासनाची जाण असलेले गृहस्थ आहेत. त्यांच्यापुढील पेच असा: खुर्ची टिकवण्यासाठी जे करावे लागते, ते केल्यावर ती खुर्ची कशासाठी हवी होती याचे उत्तर उरत नाही, आणि न करावे, तर खुर्ची दाभाड्यांकडे जाते. दाभाडे आले तर राज्याचे अधिक वाईट होईल, असे जिवाजीराव स्वतःला पटवून देऊ शकतात. प्रत्येक तडजोडीचे समर्थन त्यामुळे तयार असते. अधिक वाईट माणसाला रोखण्यासाठी केलेली वाईट गोष्ट चांगली ठरते का, हा राजनीतीतील फार जुना प्रश्न आहे. चित्रपट त्याचे उत्तर देत नाही. मुख्यमंत्री मंत्रिपदांचे गाजर, मौन आणि वेळकाढूपणा ही तीन साधने वापरून खुर्ची राखतात, एवढेच तो दाखवतो.

दाभाडे हे पात्र लागूंच्या अभिनयामुळे सपाट होत नाही. त्यांच्या घरात सुनेशी असलेल्या संबंधांचे अस्वस्थ करणारे सूचन आहे. सार्वजनिक महत्त्वाकांक्षा आणि खासगी कमकुवतपणा एकमेकांना कसे पोसतात, हे त्यातून न बोलता कळते.

मंत्रिपदे वाटून बंड शमवण्याचा जो मार्ग चित्रपटात दिसतो, तो पुढे कायद्याने आखडला. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आणून पक्षांतराला अपात्रतेची शिक्षा ठेवली. मात्र एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला मोकळीक राहिली. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती मोकळीक काढली आणि मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर रोखली. महाराष्ट्रात त्यामुळे मुख्यमंत्र्यांसह ४३ मंत्री होऊ शकतात. जिवाजीरावांना अशी मर्यादा नव्हती. आजच्या विद्यार्थ्याने चित्रपट पाहताना हे ध्यानात ठेवले, तर त्यातील डावपेच अधिक नीट उलगडतात.

=== दिगूचा पेच ===

दिगूला सर्व ठाऊक असते. कोण कोणाला भेटला, कोणाच्या बंगल्यावर किती आमदार जेवले, संप कोणाच्या सांगण्यावरून मिटला, हे सारे त्याच्यापर्यंत पोहोचते. त्याची ही माहिती छापून येत नाही. जी छापून येते, ती कोणाच्या तरी सोयीची असते. मंत्री त्याला मित्र म्हणून जवळ बसवतात, कारण तोही त्यांच्या खेळातील एक सोंगटी आहे. दिगूला हे उमगते. अखेरीस त्याचे भान सुटते आणि तो रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. मुख्यमंत्र्याचे काहीच बिघडत नाही. पाहणाऱ्याचे डोके फिरते. मराठी राजकीय चित्रपटातील नैतिक पेच साक्षीदाराच्या माथी येतो, याचे याहून ठळक उदाहरण नाही.

सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि आशा भोसले यांचा स्वर लाभलेले या चित्रपटातील गीत पुढे सभा-मोर्चांतून गायले जाऊ लागले. चित्रपटात क्रांती कोठेही होत नाही. गाण्याने मात्र ती आशा जिवंत ठेवली.

=== चित्रीकरण आणि काळ ===

चित्रपट कृष्णधवल आहे. त्यातील काही भाग प्रत्यक्ष मंत्रालयात चित्रित झाला आणि त्यासाठी तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी परवानगी दिली होती. पवार स्वतः जुलै १९७८मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारातून बाहेर पडून पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले होते. मुख्यमंत्र्याला खाली खेचण्याच्या कटाची कथा, तसाच सत्तापालट नुकताच पाहिलेल्या इमारतीत चित्रित झाली. कादंबरी त्या सत्तापालटाच्या आधीची आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. कारण अनेक प्रेक्षक चित्रपटाला त्या घटनेचे चित्रण समजतात. पवारांचे सरकार १७ फेब्रुवारी १९८० रोजी बरखास्त होऊन राज्यात राष्ट्रपती राजवट आली. राष्ट्रपतींची सत्ता महाराष्ट्राच्या राजकीय कथेत शिरते ती अशा, ३५६व्या अनुच्छेदाच्या वाटेने. तिच्यावर मराठीत लक्षणीय चित्रपट निघालेला नाही.

== पुढील चित्रपट आणि दूरचित्रवाणी ==

'वजीर' (१९९४, विक्रम गोखले, अश्विनी भावे, अशोक सराफ) आणि श्रावणी देवधर दिग्दर्शित 'सरकारनामा' (१९९८, यशवंत दत्त, अजिंक्य देव, दिलीप प्रभावळकर) यांनी मुख्यमंत्रिपदाभोवतीचे डावपेच पुन्हा रंगवले. दोन्हींत अभिनय सकस आहे. तथापि पेचाची जागा बरीचशी कटाने घेतली आणि प्रेक्षक पुढे काय होणार, एवढ्यातच गुंतला.

अवधूत गुप्ते यांचा 'झेंडा' (२०१०) अधिक महत्त्वाचा. पक्ष फुटल्यावर सामान्य कार्यकर्त्याने कोणता झेंडा धरावा, हा त्याचा प्रश्न. नेते आपापल्या जागी सुरक्षित राहतात. वर्षानुवर्षे एकत्र वाढलेली पोरे एकमेकांसमोर उभी ठाकतात. प्रदर्शनापूर्वी एका पात्रावरून वाद झाला आणि चित्रपटात फेरफार करावे लागले. साक्षीदाराची भूमिका वार्ताहराकडून कार्यकर्त्याकडे सरकली, ही या चित्रपटाची नोंद घेण्याजोगी बाब आहे.

दूरचित्रवाणीवर मात्र हा विषय फारसा रुजला नाही. ब्रिटिश 'येस मिनिस्टर'चे हिंदी रूपांतर 'जी मंत्रीजी' २००१मध्ये फारुख शेख यांना घेऊन आले. ते विनोदाच्या अंगाने जाणारे होते. मराठी वाहिन्यांवरील दैनंदिन मालिकांनी कुटुंबाला केंद्रस्थानी ठेवले आणि राजकारणी बहुधा सासऱ्याच्या किंवा खलपुरुषाच्या रूपात घरात आणला. महाराष्ट्राच्या राजकारणावरील मालिका म्हणून नाव घ्यावे अशी 'सिटी ऑफ ड्रीम्स' (२०१९ पासून, तीन पर्वे) ही नागेश कुकुनूर दिग्दर्शित मालिका हॉटस्टारवर आली, तीही हिंदीत. अतुल कुलकर्णी, प्रिया बापट, सिद्धार्थ चांदेकर, सचिन पिळगावकर असे मराठी कलावंत तिच्यात आहेत. गायकवाड घराण्यातील वारसाहक्काच्या लढाईत बहीण आणि भाऊ एकमेकांपुढे उभे राहतात. तिच्यातील पूर्णिमा ही सत्ता मिळवताना काय गमावते, याचा लेखाजोखा मालिका मांडते. येथे प्रथमच पेच पूर्णपणे सत्ताधारी व्यक्तीच्या मनात आला. अमेरिकी नमुन्याशी तिचे हे नाते उघड आहे.

== ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ==

मुंबईतील मंत्रालयाकडे पाहणाऱ्या या परंपरेला ठाणे जिल्ह्याने दोन निराळी पात्रे दिली. दोघांकडेही घटनात्मक पद नाही.

=== डोंबिवली फास्ट ===

निशिकांत कामत दिग्दर्शित 'डोंबिवली फास्ट'चा नायक माधव आपटे (संदीप कुलकर्णी) हा डोंबिवलीहून रोज मुंबईला जलद लोकलने जाणारा बँक कर्मचारी आहे. रांग मोडणारे, लाच घेणारे, पाणी चोरणारे यांच्याकडे वर्षानुवर्षे काणाडोळा केल्यावर एके दिवशी त्याचा संयम सुटतो आणि तो हाती बॅट घेऊन बाहेर पडतो. मास्तर आणि दिगू यांनी फक्त पाहिले आणि विचारले. आपटे निवाडा करून शिक्षाही देऊ लागतो. त्याच्या मागावर असलेल्या पोलीस अधिकाऱ्याला त्याच्याविषयी सहानुभूती वाटत असते, परंतु वर्दीचे कर्तव्य सुटत नाही. अखेरीस ज्या लोकलने त्याचे आयुष्य गेले, त्याच लोकलमध्ये आपटे पोलिसांच्या गोळीने मरतो. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २००७मध्ये 'एवनो ओरुवन' या नावाने त्याची तमिळ आवृत्ती निघाली.

नोकरदार मध्यमवर्गाचे गाव म्हणून ओळख असलेल्या डोंबिवलीची निवड नेमकी आहे. येथील नागरिक कर भरतो, मतदान करतो, गाडी पकडतो. सत्तेशी त्याचा संबंध नळाला पाणी न आल्यावरच येतो. आपट्याचा राग न्याय्य आहे आणि त्याची कृती बेकायदा आहे, या दोन्ही गोष्टी चित्रपट सुटू देत नाही.

=== धर्मवीर: मुक्काम पोस्ट ठाणे ===

आनंद चिंतामणी दिघे हे शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख होते. त्यांनी कधीही निवडणूक लढवली नाही. टेंभी नाक्यावरील 'आनंदाश्रम' या जागेत ते लोकांची गाऱ्हाणी ऐकत. भाडेकरू-मालकांचे तंटे, घरगुती भांडणे, रुग्णालयाचे देयक, नोकरीची शिफारस, शाळेतील प्रवेश असे सर्व तेथे येई आणि बहुधा तेथेच निकाली निघे. या बैठकीला लोक 'दरबार' म्हणत. टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव आणि दहीहंडी त्यांच्यामुळे नावारूपाला आली. कल्याणमधील दुर्गाडी किल्ला आणि कल्याणजवळील मलंगगड येथील आंदोलनांचे नेतृत्वही त्यांनी केले. या दोन्ही स्थळांच्या हक्कावरून हिंदू आणि मुस्लिम पक्षांत दीर्घ काळ वाद चालत आला आहे.

ठाणे हे शिवसेनेला पहिली सत्ता देणारे शहर. १९६७मध्ये ठाणे नगरपालिका तिच्याकडे आली. १९८२मध्ये ठाणे आणि १९८३मध्ये कल्याण येथे महानगरपालिका स्थापन झाल्या आणि वेगाने वाढणाऱ्या या नगरांत जमीन, पाणी व बांधकाम परवाने यांचे महत्त्व वाढत गेले. १९८९च्या ठाणे महापौरपदाच्या निवडणुकीत पक्षाची मते फुटून शिवसेनेचा उमेदवार पडला. त्यानंतर श्रीधर खोपकर या शिवसेना नगरसेवकाची हत्या झाली. या प्रकरणात दिघे यांना 'टाडा' कायद्याखाली अटक झाली आणि पुढे जामीन मिळाला. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, अपघातात जखमी होऊन उपचार घेत असताना २६ ऑगस्ट २००१ रोजी ठाण्यात त्यांचे निधन झाले. संतप्त जमावाने त्या रात्री सिंघानिया रुग्णालय जाळले.

प्रवीण तरडे लिखित-दिग्दर्शित 'धर्मवीर' १३ मे २०२२ रोजी प्रदर्शित झाला. निर्मिती मंगेश देसाई आणि झी स्टुडिओज यांची. प्रसाद ओक यांनी दिघे आणि क्षितीश दाते यांनी एकनाथ शिंदे साकारले. ओक यांचे दिघे यांच्याशी जुळलेले रूप आणि देहबोली यांची मोठी वाखाणणी झाली. ठाणे परिसरात दिघे यांना प्रत्यक्ष पाहिलेली पिढी हयात असल्याने ही कसोटी सोपी नव्हती.

या चरित्रपटात साक्षीदार आहे, पण तो प्रश्न विचारत नाही. तो भक्त आहे. गाऱ्हाणे घेऊन आलेली बाई, मार खाल्लेला रिक्षावाला, कौटुंबिक आघाताने खचलेला आणि गुरूने पुन्हा सार्वजनिक कामाकडे वळवलेला शिष्य, या सर्वांच्या डोळ्यांतून नायक दिसतो. 'सामना'तील मास्तराची जागा रिकामी आहे. दिघे यांच्या दरबाराबद्दलचा मूळ पेच त्यामुळे पडद्यावर येता येता राहतो. तो असा: न्यायालयात वर्षे लागतात आणि दरबारात एका संध्याकाळी निकाल लागतो, म्हणून दुबळा माणूस दरबारात जातो, परंतु दरबाराच्या निकालावर अपील नसते आणि निकाल देणाऱ्याला कोणी निवडून दिलेले नसते. ज्याला तेथे न्याय मिळाला, त्याच्या दृष्टीने दिघे देवमाणूस होते आणि त्याची कृतज्ञता खोटी म्हणता येत नाही. ज्याच्याविरुद्ध निकाल गेला, त्याची बाजू मांडायला चित्रपटात कोणी नाही. हीच रचना 'सामना'त हिंदुरावाच्या गावी होती. फरक इतकाच की तेथे मारुती कांबळेची चौकशी करणारा कोणी तरी आला होता.

चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. अधिकृत यंत्रणा माणसाला दारात उभे करीत नसेल, तर अनधिकृत सत्ता का उभी राहते, हे तो पोटतिडकीने दाखवतो. 'सिंहासन'मध्ये मंत्रालयाच्या पायऱ्या चढणारा सामान्य माणूस ओझरता दिसतो. येथे तो पडदाभर आहे.

=== प्रदर्शनानंतर ===

'धर्मवीर' १७ जून २०२२ रोजी झी५वर उपलब्ध झाला. अवघ्या तीन दिवसांनी, विधान परिषद निवडणुकीच्या रात्री, शिंदे आपल्या समर्थक आमदारांसह सुरतेकडे गेले आणि ३० जून २०२२ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. चित्रपटातील गुरुशिष्याचे नाते त्यानंतर राजकीय वादाचा भाग बनले. शिष्याने गुरूचा वारसा चालवला की पक्षाशी द्रोह केला, या प्रश्नावर ठाण्यातील एकाच शाखेतून वाढलेले शिवसैनिक दोन बाजूंना गेले. 'झेंडा'त बारा वर्षांपूर्वी कल्पिलेला कार्यकर्त्याचा पेच ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चौकाचौकांत उभा राहिला.

या सत्तांतरावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी निकाल दिला. बहुमत चाचणी घेण्यास सांगण्यासाठी राज्यपालांपुढे पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. मात्र उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्याने त्यांचे सरकार पुन्हा स्थापन करता येणार नाही, असेही स्पष्ट केले. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांवर सोपवण्यात आला.

'धर्मवीर २: साहेबांच्या हिंदुत्वाची गोष्ट' हा दुसरा भाग २७ सप्टेंबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीच्या दोन महिने आधी प्रदर्शित झाला. लेखन-दिग्दर्शन तरडे यांचेच आणि प्रमुख कलावंतही तेच आहेत. कथेचा काळ २०२२च्या सत्तांतरापर्यंत येतो. बंड करावे की पक्षनिष्ठा राखावी, हा पेच त्यात शिष्याच्या मनात दाखवला असून उत्तर दिवंगत गुरूच्या शिकवणीतून येते. ज्यांच्यावर हा चित्रपट आहे, ते तो प्रदर्शित झाला तेव्हा मुख्यमंत्रिपदावर होते.